नेब्युलायझर चालू आहे, पण धूर येत नाही: मशीन बदलण्याआधी काय काय तपासाल

पेशंटला या क्षणी धाप लागलेली असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, किंवा लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा पकडून जवळचा दवाखाना गाठा. मशीन नंतर बघता येतं.

बाकीच्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. सोलापुरात मेडिकल उपकरणांची विक्री आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे आणि काउंटरवर सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "अण्णा, मशीनचा आवाज येतोय, पण धूर येईना." घेऊन येणाऱ्यांत पूर्व भागातल्या, घरी तंबाखू आणि पानं मांडून विड्या वळणाऱ्या अक्का असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सुताच्या धुळीत पाळी करणारे असतात. ज्वारीची मळणी सुरू झाली की खेड्यांतून धाप लागलेले शेतकरी येतात, आणि बाळदम्याची पोरं तर बारा महिने. बरेच जण नवीन मशीनचे पैसे खिशात घालूनच आलेले असतात. त्यांतल्या बहुतेकांना नवीन मशीन लागत नाही. मोटार आणि पिस्टन सहसा ठीक असतात. दोष असतो तो औषधाच्या कपात, धुण्याच्या पाण्यात, नाहीतर औषध भरण्याच्या आणि मास्क धरण्याच्या पद्धतीत.

आधी लक्षण ओळखा

तक्रार एकच वाटली तरी तिच्यात चार-पाच वेगळे बिघाड लपलेले असतात, म्हणून आधी नीट बघा.

आवाज नेहमीचा आहे आणि धूर अजिबात नाही: कपाची जोडणी, आतला शंकू किंवा सुटलेली नळी.

धूर येतो पण पातळ, आणि पूर्वी सात-आठ मिनिटांत संपणारं औषध आता वीस मिनिटं चालतं: तुंबलेलं भोक, भरलेला फिल्टर, किंवा झिजलेलं किट (मास्क, कप आणि नळी).

धूर झटके देत येतो, कप जरा कलला की बंद होतो: औषध कमी, किंवा पेशंट आडवा.

धूर भरपूर आहे, पण पेशंट म्हणतो "काही फरक नाही": हे लक्षण सगळ्यांत फसवं. मशीन निर्दोष असतं आणि औषध फुफ्फुसात पोचतच नसतं, किंवा आजारच वाढलेला असतो.

मशीनचा आवाज बदललाय, घरघर आहे, गरम होतंय, मधेच बंद पडतंय, जळका वास येतोय: हा एकच गट खऱ्या अर्थाने मशीनचा.

हे मशीन नेमकं करतं काय

एवढं कळलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप कळतात. त्या डब्यात पाणी तापत नाही. आत एक लहान पिस्टन पंप आहे, तो हवा दाबून नळीतून कपाच्या बुडाशी सोडतो. बुडाशी एक बारीक भोक असतं. त्यातून हवा जोरात सुटते, तिच्या ओढीने बाजूचं औषध शंकूच्या आतून वर खेचलं जातं, वरच्या आडव्या पट्टीवर आदळतं आणि त्याचे बारीक थेंब होतात. मोठे थेंब परत कपात पडतात, बारीक तेवढे हवेबरोबर बाहेर येतात. धूर म्हणतो तो हाच.

थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तरच ते फुफ्फुसातल्या लहान नळ्यांपर्यंत जातात. त्याहून मोठे तोंडात आणि घशात बसतात आणि गिळले जातात. म्हणजे धूर दिसतो एवढ्यावर समाधान मानता येत नाही. भोक मोठं झालं, हवेचा जोर कमी पडला किंवा शंकू नीट बसला नाही, की थेंबांचा आकार बिघडतो आणि डोळ्यांना धूर दिसत असूनही औषध वाया जातं.

फुकटची तपासणी: कप उघडा

कप फिरवून उघडा. आत बुडाच्या टोकावर टोपीसारखा बसणारा एक छोटा प्लास्टिकचा शंकू असतो. काही कपांत तो झाकणालाच जोडलेला असतो, काहींत सुटा. सुटा असेल तर तो आहे का ते आधी बघा. कप धुताना हा शंकू मोरीत वाहून जातो, किंवा भांड्यांच्या टोपलीत चमच्यांखाली पडून राहतो, आणि घरच्यांना तो हरवल्याचं कळतही नाही, कारण कप त्याच्याशिवायही व्यवस्थित बंद होतो. शंकू नसला की औषध वर खेचलं जात नाही. कपात नुसते बुडबुडे येतात. औषधात बुडबुडे आणि वर काहीच नाही, असं दिसलं की निदान झालंच म्हणून समजा.

शंकू असेल तर तो पूर्ण खाली दाबून बसवा. उलटा बसलाय का बघा. झाकणाचे आटे पूर्ण फिरवा. तिरकं बसलेलं झाकण बाजूने हवा सोडतं.

अंगठ्याची परीक्षा

दोष मशीनकडे की कपाकडे, हे अर्ध्या मिनिटात कळतं. नळी कपापासून काढा, मशीन चालू करा आणि नळीच्या मोकळ्या टोकावर अंगठा धरा. दाब वाढत जाऊन हवा अंगठा ढकलायला लागली आणि मशीनचा आवाज दबून जड झाला, तर पंप बरा आहे. दोष कपात.

हवा लुळी लागली तर नळीही काढा आणि मशीनच्या तोंडावरच अंगठा धरा. इथे जोर आहे पण नळीतून नव्हता, तर नळी दोषी. ती कुठे दुमडली आहे का, पलंगाच्या पायाखाली आली आहे का, बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळीची टोकं कडक होतात आणि त्यांना केसासारखी चीर पडते. टोकाचा एक सेंटीमीटर तुकडा ब्लेडने सरळ कापून टाका आणि नळी परत दाबून बसवा, बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. नळीत आतून काळे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी असू शकते. ती नळी धुऊन वापरू नका, टाकून द्या. आतून धुतलेली नळी नीट वाळत नाही आणि पुन्हा तेच होतं.

मशीनच्या तोंडाशीही जोर नसेल तर पुढची पायरी फिल्टर.

फिल्टर: चहा-नाश्त्याच्या पैशांतली दुरुस्ती

मशीनच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, बोटाने किंवा नाण्याने उघडणारं. आत पांढरा गोल फिल्टर. विणकामाच्या घरातून आलेल्या मशीनचा फिल्टर काढला की तो पांढरा नसतोच. करडा, दाबलेल्या नमद्यासारखा, आणि कडेला सुताचा तंतू गुंडाळलेला. विडीच्या घरातला तपकिरी आणि तंबाखूच्या वासाचा. पंप याच फिल्टरमधून हवा घेतो. तो तुंबला की पंप तेवढाच फिरतो पण हवा कमी देतो, धूर पातळ होतो आणि मोटार जास्त तापते.

कंपन्या सहसा दीड-दोन महिन्यांनी फिल्टर बदलायला सांगतात. घरात माग असेल, विडीचं काम असेल, किंवा घर रस्त्याकडेला असेल तर दर महिन्याला उघडून बघा, रंग बदलला की बदला. धुऊन परत लावू नका. ओला फिल्टर हवा अडवतो आणि त्याचे धागे सुटतात. फिल्टर काढून तसंच मशीन चालवणं तर त्याहून वाईट, कारण मग ती धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनची सील घासते आणि शेवटी श्वासाबरोबर पेशंटच्या आत जाते.

आणखी एक. मशीन चादरीवर किंवा गादीवर ठेवून चालवू नका. खालच्या जाळ्या बंद होतात आणि लव आत ओढली जाते. टेबल, स्टूल, फळी, काहीही कडक चालेल.

पाण्याचा पांढरा थर

सोलापुरातला माझा सगळ्यांत मोठा अनुभव याच दोषाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

उजनीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवस ते टाकीत आणि पिंपात साठतं, आणि हद्दवाढ भागात अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यावरच दिवस काढावे लागतात. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या तांब्यावर जे पांढरे डाग राहतात, तेच क्षार नेब्युलायझरच्या कपातही राहतात. तांब्यावर ते दिसतात, भोकात दिसत नाहीत. रोज कप धुऊन तसाच उपडा ठेवला की भोकाच्या तोंडाशी एक थेंब अडकतो, तो तिथेच वाळतो आणि क्षाराचा पातळ पापुद्रा सोडतो. काही आठवड्यांत भोक निम्मं बुजतं. जे लोक कप मनापासून, वेळच्या वेळी धुतात, त्यांच्याकडेच हा दोष जास्त दिसतो आणि "आम्ही तर रोज स्वच्छ करतो" असं म्हणत ते मशीनवर शंका घेतात.

तपासायला कप रिकामा करून उजेडाकडे धरा आणि बुडाच्या टोकातून आरपार बघा. गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. ठिपका अंधुक, वेडावाकडा असेल तर थर आहे.

सुई, टाचणी, पिन घालू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी निम्मे कप टोचलेले येतात. प्लास्टिक मऊ असतं, टोचलं की भोक मोठं किंवा लंबगोल होतं. मग धूर एकदम भरपूर दिसतो, घरचे खूश होतात, पण थेंब जाड झालेले असतात आणि औषध घशातच बसतं. टोचलेला कप दुरुस्त होत नाही.

थर काढायचा तो व्हिनेगरने. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग घ्या, कप आणि शंकू त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मास्क आणि नळी त्यात घालू नका. नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर खळबळा. लिंबू पिळून करू नका, गराचा कण त्याच भोकात जाऊन बसतो.

पुढे असं होऊ नये म्हणून धुण्याची शेवटची फेरी बदला. रोज कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन धुवा, मग शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा जारच्या, उकळून गार केलेल्या पाण्याने करा. नुसतं बोअरचं पाणी उकळून क्षार पूर्ण जात नाहीत, म्हणून शेवटी आरओचंच. पाणी झटका, भाग सुटे करून स्वच्छ कपड्यावर वाळवा. पावसाळ्यात रिकामा कप नळीला जोडून मिनिटभर मशीन चालवलं की भोकातला अडकलेला थेंब उडून जातो. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायला हरकत नाही, पण किटच्या पाकिटावर उकळायला चालतं असं लिहिलं असेल तरच. साधे स्वस्त किट उकळले की वाकडे होतात.

हे सगळं करूनही धूर सुधारला नाही आणि अंगठ्याला जोर चांगला लागतोय, तर नवीन किट घ्या. मास्क, कप, नळी मिळून दोनशे-अडीचशेच्या आसपास पडतं. शक्य असेल तर मशीनच्याच कंपनीचं घ्या. कप आणि पंप यांची जोडी हवेच्या जोरावर ठरलेली असते. दुसऱ्या कंपनीचा कप बसतो, पण प्रत्येक वेळी तेवढाच बारीक धूर देतो असं नाही.

औषध किती, कोणतं, कसं

प्रत्येक कपात शेवटी थोडं औषध उरतंच. भिंतींना चिकटलेलं, बुडाशी साचलेलं, साधारण अर्धा ते दीड मिली. ते कधीच धुरात बदलत नाही. आता हिशोब करा. कपात फक्त २ मिली औषध घातलं आणि १ मिली उरलं, तर निम्मा डोस कपात राहिला. ४ मिली करून घातलं तर पाव भागच राहतो. म्हणून डॉक्टर अनेकदा सलाईन मिसळून ३-४ मिली करायला सांगतात. चिठ्ठीवर सलाईन लिहिलेलं असेल तर ते सोडू नका, आणि लिहिलेलं नसेल तर मनाने घालण्याऐवजी डॉक्टरांना विचारा. काही कुप्या आहेत तशाच वापरायच्या असतात, आणि दोन औषधं एकत्र दिली की कपात पुरेसं भरतंच.

सलाईनऐवजी साधं पाणी चालणार नाही. जारचं, उकळलेलं, डिस्टिल्ड, कोणतंच नाही. क्षार नसलेल्या पाण्याचे थेंब श्वासनळीला झोंबतात आणि दम्याच्या पेशंटची नळी आणखी आवळते. ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईनच, आणि तेही छोट्या कुप्यांमध्ये. दवाखान्यातून आणलेली मोठी बाटली सुई खोचून फ्रिजमध्ये महिनाभर ठेवलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. उघडल्यानंतर त्यात जंतू वाढतात आणि आपण ते थेट फुफ्फुसात फवारतो.

ब्युडेसोनाइडसारख्या (श्वासनळीची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या) औषधात बारीक कण तरंगत असतात. कुपी हलक्या हाताने हलवून घ्या, नाहीतर औषध तळाशी आणि वर नुसतं पाणी. हे औषध अल्ट्रासोनिक, म्हणजे हवेऐवजी कंपनाने धूर करणाऱ्या मशीनमध्ये नीट उडत नाही, त्यामुळे तसलं मशीन असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. हातात मावणारी जाळीची मशीन्स हल्ली खूप विकली जातात. त्यांत कण अडकून जाळी तुंबते. प्रत्येक वापरानंतर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने धुवा, आणि जाळीला बोट किंवा कापूस लावू नका.

कप चालवताना शेवटी तडतड आवाज यायला लागला की बाजूने हलकी टिचकी मारा, भिंतीचे थेंब खाली येतात. परत तडतड सुरू झाली की थांबा. त्यापुढे अर्धा तास मशीन घरघरत ठेवून काही मिळत नाही.

कपात काय घालायचं नाही

निलगिरीचं तेल, कापूर, बाम, ओव्याचा अर्क, तुळशीचा काढा. घरच्या माणसाला बरं वाटावं म्हणूनच लोक हे घालतात, पण नेब्युलायझरच्या कपात डॉक्टरांनी लिहिलेल्या निर्जंतुक औषधाशिवाय काहीही जाता कामा नये. गरम पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतो तेव्हा मोठे थेंब नाकाघशातच राहतात. हे मशीन मात्र कपात असेल ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत नेतं. तेल तिथे पोचलं की शरीराला ते सहज बाहेर काढता येत नाही, त्याने वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो.

याच ओघात दुसराही विषय लिहितो, कारण कॉलेजची पोरं दुकानात येऊन तो हळू आवाजात विचारतात: गांजाचं तेल किंवा व्हेपचं (ई-सिगारेटचं) लिक्विड यात चालेल का? नाही. गांजाचे व्हेप तापवून चालतात. नेब्युलायझर तापवतच नाही. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, पाण्यात विरघळत नाही, म्हणजे कपात राहतं ते तेल, आणि तेलाचं वर सांगितलंच. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणारी माणसं, त्यांत बरीच तरुण, फुफ्फुसाला इजा होऊन दवाखान्यात दाखल व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी टीएचसीचं तेल भरलेल्या व्हेपच्या नळकांड्या (कार्ट्रिज) वापरल्या होत्या, आणि मुख्य कारण म्हणून पुढे आलं ते तेल पातळ करायला घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. गोळीतून पोटात गेलं तर जे निरुपद्रवी असतं, तेच श्वासातून आत गेल्यावर माणसं व्हेंटिलेटरवर गेली. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे आणि गांजावर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या कपातून घरातल्या आजीला किंवा लहान भावाला औषध देता, त्यात हे गेलं तर धुऊन निघत नाही. ज्याने घातलं असेल त्याला रागावण्यात वेळ घालवू नका, तो कप आजच टाका. आणि त्याला खोकला, धाप, ताप असेल तर डॉक्टरांना काय ओढलं ते खरं सांगायला लावा, उपचार त्यावरच ठरतात.

धूर आहे, पण आराम नाही

लहान बाळ झोपलंय म्हणून आई मास्क चेहऱ्यापासून चार बोटं लांब धरते. प्रेमापोटीच धरते, पण औषध खोलीत जातं. मास्क एक सेंटीमीटर जरी लांब गेला तरी आत जाणारं औषध निम्म्याच्या आसपास घटतं. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकून, गालाला टेकलेला हवा. मोठ्यांचा मास्क मुलाला लावला की डोळ्यांकडे फटी राहतात, मुलाचा मास्क वेगळा घ्या. रडणाऱ्या मुलाला औषध कमी पोचतं. रडताना श्वास लांब बाहेर जातो आणि आत येतो तो हिसका, त्यात थेंब घशातच आदळतात. आधी मांडीवर घ्या, शांत करा, मास्क बाहुलीला लावून दाखवा, मग सुरू करा.

मोठ्या माणसांना जमत असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी चांगली. मास्क लावून नाकाने श्वास घेतला की नाकच बरंचसं औषध गाळून ठेवतं. काचबिंदू असेल आणि औषधात इप्राट्रोपियम (श्वासनळी मोकळी करणारं औषध) असेल तर मास्कमधून निसटलेला धूर डोळ्यांत जाता कामा नये, त्यांनी डॉक्टरांना विचारून तोंडाचीच नळी वापरावी.

बसवून द्या. आडवं झोपवून दिलं की कप कलतो, औषध शंकूपासून दूर जातं आणि छातीही नीट फुलत नाही. श्वास नेहमीचा, मधून मधून एक खोल. घाईघाईने ओढायची गरज नाही. ब्युडेसोनाइड झाल्यावर गुळणी करा आणि तोंड धुवा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

वीज आणि उन्हाळा

मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंश, व्होल्टेज पडलेलं, घरात चार पंखे आणि कूलर. अशा वेळी मोटार पूर्ण वेगाने फिरत नाही. दुसऱ्या प्लगला, एक्स्टेन्शनशिवाय लावून बघा. पहाटे धूर बरा आणि दुपारी कमी, असं होत असेल तर वीजच बघा. स्वस्त इन्व्हर्टरवर काही मशीन्स गुणगुणतात आणि तापतात, त्यावर रोजची सवय ठेवू नका. अनेक मशीनवर २० मिनिटं चालू, ४० मिनिटं बंद असं लिहिलेलं असतं. एका घरात तिघांना लागोपाठ द्यायचं असेल तर मध्ये मशीनला थंड होऊ द्या. आतला संरक्षक स्विच तापल्यावर मशीन बंद करतो आणि थंड झाल्यावर ते आपोआप परत चालतं, याला बिघाड समजू नका. पण पाच मिनिटांत बंद पडत असेल तर मात्र आतला दोष आहे.

इथे थांबा

स्क्रू उघडायचे नाहीत. फिल्टर नवा, नळी नवी, कप नवा, प्लग बदललेला, आणि तरी मशीनच्या तोंडाशी हवा लुळी असेल, तर पिस्टनची सील किंवा आतली झडप गेली आहे. ते काम दाबमापक असलेल्या माणसाचं. जळका वास, हाताला झिणझिण्या, वायर सोललेली, किंवा नळीतून काळी पूड येणं, यांतलं काहीही दिसलं की त्या क्षणी प्लग काढा. ती काळी पूड झिजलेल्या सीलची असते आणि ती औषधाबरोबर आत जाते. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या केंद्रातच द्या. नवीन मशीनच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला तर नवीनच घ्या.

आणि जिथे मेकॅनिकचं काम संपतं तिथे डॉक्टरांचं सुरू होतं. धूर व्यवस्थित, मास्क व्यवस्थित, तरी आराम पडत नाही. आराम पडतो पण चार तास टिकत नाही. ऑक्सिमीटर ९२ च्या खाली दाखवतो. पेशंट गुंगीत किंवा गोंधळलेला वाटतो. यांतलं काहीही असेल तर मशीन माझ्याकडे आणू नका, पेशंटला सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे न्या. डोस आपल्या मनाने वाढवत घरी थांबणं हे मी पाहिलेलं सगळ्यांत धोक्याचं काम आहे.

मशीन दुरुस्तीत अडकलं किंवा रात्री लाईट गेली तर काय, हे आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायचं पोकळ नळकांडं) नीट वापरला तर दम्याच्या साध्या अटॅकमध्ये नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, त्याला वीज लागत नाही आणि तो पिशवीत मावतो. किती पफ, किती वेळाने, हे चिठ्ठीवर असू द्या आणि चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

शेजारी मागायला आले तर मशीन द्या, किट देऊ नका. मास्क आणि कप ज्याचा त्याचा. एकाच्या श्वासातले जंतू दुसऱ्याच्या फुफ्फुसात न्यायला तो कप पुरेसा आहे, आणि आपल्या वस्त्यांमध्ये टीबी अजून आहे.

दुरुस्तीला आणताना नुसता डबा आणू नका. कप, शंकू, नळी, मास्क, अडॅप्टर, आणि शक्य असेल तर वापरलेल्या औषधाची रिकामी कुपीही, सगळं एका पिशवीत. कप धुऊन चकचकीत करू नका, आहे तसा आणा. थर कुठे बसलाय ते बघितल्यावरच दोष सांगता येतो.